सोलापुरात बसून समुद्र मोजता येतो का?

मॅडम, तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी वर्गात विचारलेले तीन प्रश्न तुम्ही माझ्याकडे पाठवलेत. समुद्रातल्या जिवांवर नजर ठेवायला इतक्या देशांनी एकत्र यायची गरज काय, आपला समुद्र आपण मोजला की पुरे नाही का? आपले आकडे परक्यांच्या हाती का द्यायचे? आणि सोलापूरच्या मुलांना या कामात करण्यासारखं काही आहे का?

तांदूळ निवडावेत तसे प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचे, नमुने निवडण्यात, ते ओळखण्यात आणि त्यांच्या नोंदी तपासण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. वडील साखर पेठेत यंत्रमागावर होते. मी इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलो आणि समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर. त्यामुळे तिसरा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, पण त्याच्याकडे शेवटी येतो. आधी एक प्रसंग सांगतो, त्यात तिन्ही प्रश्न आहेत.

काही वर्षांपूर्वी अरबी समुद्रातल्या जुन्या नमुन्यांची एक यादी माझ्याकडे तपासायला आली होती. नोंदी नकाशावर टाकल्या तर चौदा ठिपके थेट सोलापूर शहरावर पडले. १७.६७ उत्तर अक्षांश, ७५.९ पूर्व रेखांश. जीव कोणता, तर कोपेपॉड. तांदळाच्या कणीएवढा, लांब मिशांचा, कवच असलेला, आणि ही जात फक्त खाऱ्या पाण्यात राहणारी. जहाजावरची मूळ वही मागवली. पान कधीतरी भिजलं होतं, शाई पसरली होती, आणि ७०.९ मधला शून्य संगणकात भरणाऱ्याने पाच वाचला होता. ७०.९ म्हणजे दाभोळच्या पश्चिमेला अडीचशे किलोमीटर, उघडा समुद्र. एका आकड्याने तो जीव सव्वापाचशे किलोमीटर पूर्वेला आणून ठेवला होता.

ही चूक सापडली, कारण सोलापूर जमिनीवर आहे. ७०.९ चं ७१.९ झालं असतं तर ठिपका समुद्रातच पडला असता आणि नुसता नकाशा बघून कुणाला शंकाही आली नसती. तसली चूक पकडायला आजूबाजूचे नमुने लागतात: त्याच भागातून गेलेल्या दुसऱ्या जहाजाचे, दुसऱ्या वर्षाचे, बहुतेक वेळा दुसऱ्या देशाचे. त्या ठिकाणचं तापमान किती, खोली किती, तिथे ही जात आणखी कुणाला मिळाली होती का, हे शेजाऱ्याच्या वहीत असतं. आपली वही बरोबर आहे की नाही हे शेजाऱ्याची वही बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर इथूनच सुरू होतं.

‘आपला समुद्र’ म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, साधारण ३७० किलोमीटर. त्याच्या पलीकडचा समुद्र कुणा एका देशाचा नाही, आणि जगातल्या महासागरांचा जवळपास दोन तृतीयांश भाग असा आहे. जीव मात्र दोन्हीकडे असतात. आपल्याच कोकणातलं उदाहरण घ्या. गुहागरच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, त्यांची नावं बागेश्री आणि गुहा. बागेश्री काही महिन्यांत दक्षिणेला उतरून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. याच्या उलट, ओडिशात मार्च २०२१ मध्ये परावर ‘०३२३३’ क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्यावरची वेगळी, असं आपण धरून चाललो होतो. एका बिल्ल्याने त्या समजुतीला धक्का दिला. पण बिल्ला उपयोगी पडला तो दोन्ही टोकांना एकच पद्धत होती म्हणून. गुहागरच्या माणसाला तो आकडा वाचून कुठे कळवायचा हे माहीत होतं, आणि ओडिशाच्या बाजूला तो आकडा नोंदून ठेवलेला होता. ही तर दोन राज्यांची गोष्ट झाली. मधे दहा देश आले तर काय होईल ते मुलांना विचारा.

आता अरबी समुद्रातल्या कुबड देवमाशाकडे या. जगातले बाकी कुबड देवमासे खायला ध्रुवांकडे जातात आणि पिलं घालायला उष्ण पाण्यात येतात. अरबी समुद्रातले वर्षभर इथेच राहतात, आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ उरलेत ते शंभरच्या आत असावेत असा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ लुबान नावाच्या मादीला उपग्रह यंत्र बसवलं. ती सरळ समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि खाली दक्षिण टोकापर्यंत गेली. ओमानने फक्त ओमानचा आणि भारताने फक्त भारताचा समुद्र मोजला असता, तर एकच मादी दोन याद्यांत दोनदा धरली गेली असती. शंभराच्या आतल्या संख्येत दोन-चार देवमासे असे दुप्पट मोजले तर सगळा हिशेबच चुकतो.

एकत्र येणं म्हणजे परिषदा आणि सह्या, असं बातम्या वाचून वाटतं. माझ्या अनुभवात खरं सहकार्य त्याच्या कितीतरी खाली घडतं. सगळ्यांचं माप एक असणं, हे ते सहकार्य. मुलांच्या मनात एवढी एक गोष्ट ठसली तरी पुष्कळ झालं, म्हणून इथे जरा थांबतो.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनाहून जास्त देशांची चाळीसच्या आसपास जहाजं होती आणि प्रत्येकाकडे आपापलं जाळं. मासेमारीत जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. आस मोठी असेल तर बारीक जीव निसटतात, लहान असेल तर जाळं तुंबतं आणि पाणी आतून जातच नाही. म्हणजे सोव्हिएत जहाजाला शंभर जीव मिळाले आणि अमेरिकन जहाजाला चारशे, तर समुद्र वेगळा होता की जाळं वेगळं होतं, हे सांगताच येणार नाही. म्हणून या मोहिमेसाठी एक प्रमाणित जाळं ठरवलं. तोंड एक चौरस मीटर, आस ०.३३ मिलिमीटर, आणि ते २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत सरळ उभं ओढायचं. सगळ्या जहाजांचे हे नमुने एकाच ठिकाणी आले: कोचीला, युनेस्कोच्या मदतीने उभारलेल्या जीवशास्त्र केंद्रात. तिथे भारतीय तरुण-तरुणींनी सूक्ष्मदर्शकाखाली ते गटवार निवडले. याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय आज गोव्यात दोना पावलाला आहे. पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर. आपल्या देशातली समुद्री प्लवकांची विद्या त्या नमुन्यांवर वाढली, आणि मला शिकवणारे लोक तिथेच हात बसवून आलेले होते.

दुसरं उदाहरण मला मागावरच्या माणसाचा मुलगा म्हणून फार जवळचं आहे. अ‍ॅलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाने एक यंत्र केलं, त्याला सलग प्लवक नोंदक म्हणतात. सुमारे मीटरभर लांबीची धातूची मासोळी समजा. पुढे अर्ध्या इंचाचं चौकोनी भोक. ही मासोळी जहाजाच्या मागे दोराने बांधून पाण्याखाली ओढायची. भोकातून पाणी आत येतं आणि रेशमी कापडातून गाळून मागे जातं. मागच्या बाजूला पाण्याच्या जोराने फिरणारा पंखा असतो, आणि त्याला जोडलेले दाते रेशमाचा पट्टा हळूहळू पुढे सरकवतात. मागावर विणलेलं कापड खालच्या रोलरवर गुंडाळत जातं, अगदी तसं. वरून दुसरा रेशमी पट्टा येऊन पहिल्यावर बसतो, जीव दोन्हींच्या मधे दाबले जातात आणि गुंडाळी फॉर्मालिनच्या टाकीत जाते. पट्टा वेळेवर सरकत नाही, अंतरावर सरकतो. जहाज सावकाश जावो की वेगाने, दहा सागरी मैलांना साधारण चार इंच रेशीम. तेवढ्यात तीन घनमीटर पाणी गाळलं जातं.

प्रयोगशाळेत पट्टा उलगडला की पहिलं काम मोजणीचं नसतं, रंग बघण्याचं असतं. वनस्पतिप्लवकांनी रेशीम किती हिरवं झालंय ते एका ठरलेल्या रंगपट्टीशी जुळवायचं: रंग नाही, अगदी फिकट हिरवा, फिकट हिरवा, हिरवा. आपल्या रंगाईच्या कारखान्यातलं शेड कार्ड डोळ्यांसमोर आणा. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतले रंगारी आठवले, जे ओलं सूत उजेडात धरून नुसत्या नजरेने ‘एक डाव कमी पडला’ असं सांगायचे. हे सर्वेक्षण १९३१ पासून चाललंय, मधे महायुद्धाची वर्षं सोडून. रेशमाची आस तीच, २७० मायक्रॉन. शास्त्रज्ञांची जहाजं महाग पडतात, म्हणून ही मासोळी मालवाहू जहाजं आणि प्रवासी बोटी ओढतात, तेही फुकट.

इतकी वर्षं माप न बदलल्याचं फळ काय मिळालं? उत्तर अटलांटिकच्या ईशान्य भागात उष्ण पाण्यातले कोपेपॉड चाळीस वर्षांत जवळपास दहा अंश अक्षांश उत्तरेला सरकले, हे या रेशमावरून २००२ साली सिद्ध झालं. दहा अंश म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. थंड पाण्यातले, चरबीने भरलेले मोठे कोपेपॉड कमी झाले आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या कॉड माशाच्या पिलांची उपासमार झाली. २००४ साली आणखी एक गोष्ट झाली. जपून ठेवलेले जुने पट्टे पुन्हा तपासले तेव्हा १९६० च्या दशकापासूनचे प्लास्टिकचे बारीक तंतू त्यांत सापडले, आणि पुढच्या दशकांत ते वाढत गेलेले दिसले. १९६० साली ते रेशीम ओढणाऱ्या खलाशाच्या मनातही प्लास्टिक नव्हतं. उद्या कोणता प्रश्न विचारला जाईल ते आज माहीत नसतं, म्हणून नमुना टाकून द्यायचा नसतो.

तरीही १९८० च्या दशकाच्या शेवटी हे सर्वेक्षण पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होतं. अनेक देशांनी मिळून भार उचलला म्हणून ते वाचलं. सहकार्याचा हा उपयोग क्वचितच कुणी सांगतं: एका देशाचं सरकार बदललं, अर्थसंकल्प आटला, तरी साखळी तुटत नाही. आपल्याकडे प्रकल्प तीन वर्षांचा असतो. तीन वर्षांत हवामानाचा बदल दिसत नाही, फक्त चांगलं आणि वाईट साल दिसतं. मला विचाराल तर नवी महागडी यंत्रं घेण्याआधी जुनं मोजमाप अखंड चालू ठेवायला पैसे द्यावेत. हे मत मी सभांमधून बोलत आलोय आणि त्यावर ठाम आहे.

माप एक झालं तरी नाव एक व्हावं लागतं. मुलांना हे मंडईत दाखवता येईल. आपण सुरमई म्हणतो, रत्नागिरीकडे कुणी इसवण म्हणतो, मंगळूरकडचा माणूस अंजल म्हणेल, आणि आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात पाहुणा मच्छलीपट्टणमचा आला तर तो वंजरम म्हणेल. मासा एकच, स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन. चार याद्या जोडताना चार मासे धरले तर जैवविविधता कागदावर चौपट होते. शास्त्रीय नावांनी हा घोळ मिटतो असं समजू नका. एकाच जिवाला वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी वेगवेगळी शास्त्रीय नावं दिलेली आहेत. अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या शिंपल्याच्या गोगलगायीला तर ११३ नावं मिळाली होती. हे निस्तरण्यासाठी समुद्री जातींची जागतिक नोंदवही चालवली जाते, बेल्जियममधल्या ओस्टेंडहून. जगभरातले वर्गीकरणतज्ज्ञ बहुतांशी विनामोबदला ती तपासतात. २०१५ च्या सुमारास तिथे चार लाखांवर नावं तपासून झाली होती, आणि त्यांतली सुमारे १ लाख ९० हजार दुबार निघाली. प्रत्येक नावाला एक क्रमांक असतो. तज्ज्ञांनी उद्या नाव बदललं तरी जुना क्रमांक नव्या नावाकडे बोट दाखवतो, त्यामुळे जुन्या नोंदी अनाथ होत नाहीत.

नोंदी साठवायची जागाही जवळपास त्याच घरातली. २००० ते २०१० या दशकात समुद्री जीवांची जागतिक गणना झाली. ८० हून अधिक देश, सुमारे २,७०० शास्त्रज्ञ, ५४० मोहिमा. गणना संपली, पण तिच्यासाठी उभारलेली माहितीप्रणाली ओबिस राहिली. २००९ मध्ये युनेस्कोच्या आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोगाने ती आपल्याकडे घेतली. आज तिथे दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि त्या कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. भारताच्या नोंदी कोचीच्या समुद्री सजीव संसाधन आणि परिसंस्था केंद्रामार्फत तिथे जातात. माझे सोलापूरवर पडलेले चौदा ठिपके अशाच तपासणीत उघडे पडले. नोंद जमिनीवर पडली की ही प्रणाली तिला खूण करते.

प्रवाळांचं थोडक्यात सांगतो. प्रवाळ बेटांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक जाळ्याने २०२१ मध्ये ७३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक ठिकाणांची माहिती एकत्र मांडली. २००९ ते २०१८ मध्ये जगातलं सुमारे १४ टक्के प्रवाळ गेलं, हा आकडा त्यातून आला. कुठल्याही एका देशाला तो एकट्याने काढता आला नसता.

आता दुसरा प्रश्न. आकडे का द्यायचे? मुलांच्या मनात संशय आहे, आणि तो गैर नाही.

मी स्वतः यातून गेलोय. एका संयुक्त मोहिमेत, नाव घेत नाही, आम्ही तिघांनी दोन महिने रात्रपाळ्या करून नमुने निवडले. अर्धे नमुने बाहेर गेले. दोन वर्षांनी शोधनिबंध आला तेव्हा आमची नावं आभाराच्या परिच्छेदातही नव्हती, आणि त्यातल्या नव्या जातीचा मूळ नमुना बघायचा तर परदेशात जावं लागणार होतं. माझी सहकारी त्या दिवशी जेवली नाही. तिनेच तो जीव पहिल्यांदा वेगळा काढला होता, ‘हा त्यातला नाही’ म्हणून. त्यानंतर मी प्रत्येक मोहिमेआधी कागदावर चार गोष्टी लिहून घेतल्या: नमुन्याचा निम्मा भाग देशात राहील, नव्या जातीचा मूळ नमुना इथल्या संग्रहालयात ठेवला जाईल, जहाजावर आपल्या विद्यार्थ्यांना जागा असेल, आणि काम करणाऱ्याचं नाव लेखकांत येईल. कायदाही आपल्या बाजूने आहे. १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या करारानुसार आपल्या २०० मैलांत संशोधनाला येणाऱ्याने सहा महिने आधी माहिती देऊन परवानगी घ्यावी लागते, आणि निष्कर्ष आपल्याला द्यावे लागतात. अडचण होते ती आपण हे हक्क मागत नाही तेव्हा.

पण आकडे दाबून ठेवल्याने काय होतं, तेही मुलांना सांगा. ज्या कुबड देवमाशांबद्दल वर लिहिलं, त्यांतले २४० च्या आसपास १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात मारले. ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या किनाऱ्यांजवळ. त्या काळी कुबड देवमाशाच्या शिकारीवर बंदी होती, म्हणून आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाला खोटे आकडे दिले गेले. खऱ्या वह्या काही सोव्हिएत जीवशास्त्रज्ञांनी जपून ठेवल्या आणि १९९० च्या दशकात त्या बाहेर आल्या. तीस वर्षं जगाला कळलंच नाही की इथले देवमासे इतके कमी का दिसतात. त्या जीवशास्त्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ज्या राजवटीत खरी वही ठेवणं धोक्याचं होतं, तिथे त्यांनी ती ठेवली.

म्हणून माझं म्हणणं असं: द्या, पण अटी घालून द्या. शोधनिबंध होईपर्यंत एक-दोन वर्षं नोंद रोखून ठेवता येते. शिकारीची भीती असलेल्या जिवाचं नेमकं ठिकाण न देता ढोबळ चौकोन देता येतो. मच्छीमारांनी विश्वासाने सांगितलेली जागा त्यांना विचारल्याशिवाय छापू नये, हे तर माणुसकीचंच झालं. एरवी मात्र नोंद उघडी असावी. बंद कपाटातली नोंद कुणी तपासत नाही, आणि न तपासलेल्या नोंदीत सोलापूरला समुद्र असतो.

कुणाचाच नसलेल्या समुद्रासाठी आता नवा करार आलाय. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडच्या सागरी जैवविविधतेचा हा करार जून २०२३ मध्ये संमत झाला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली. साठ देशांची मान्यता सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि १७ जानेवारी २०२६ ला तो अमलात आला. इकडे सोलापुरात गड्डा यात्रेचे दिवस चालू होते. खुल्या समुद्रातून जनुकीय उपयोगाचे नमुने घेणाऱ्याने आता आधी सगळ्यांना कळवायचं आहे, प्रत्येक खेपेला एक ओळख क्रमांक मिळणार आहे, आणि फायद्याचा वाटा व प्रशिक्षण विकसनशील देशांपर्यंत पोचवायचं आहे. माझ्या सहकारीवर आली तशी वेळ पुढच्या मुलींवर येऊ नये, यासाठी मला हा करार महत्त्वाचा वाटतो.

तिसरा प्रश्न. समुद्र नसलेल्या गावातून काय करता येईल?

आधी एक दुरुस्ती. आपल्या मुलांना समुद्र म्हटलं की कोकण आठवतं. आपलं पाणी मात्र उलट दिशेला जातं. भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. उजनीच्या हिरव्या पाण्यात शेतातलं जे खत आणि गावांचं जे सांडपाणी उतरलंय, त्याचा शेवटचा मुक्काम त्या मुखाजवळच्या खारफुटीत आहे, आणि त्याच भागात ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. आपला जिल्हा समुद्रापासून तुटलेला नाही.

दुसरं, समुद्राचं काम समुद्राकाठीच होतं असं नाही. त्सुनामीचा इशारा आणि मच्छीमारांना मासे कुठे मिळतील याचा सल्ला देणारी आपली राष्ट्रीय संस्था इन्कॉइस हैदराबादला आहे, आपल्यापासून तीनशे किलोमीटरवर, समुद्रापासून तितकीच लांब. तिथे समुद्रशास्त्राचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही आहे. हिंदी महासागराभोवतालच्या देशांतली मुलं तिथे शिकायला येतात. आपली मुलं सकाळच्या गाडीने दुपारपर्यंत पोचतील.

तिसरं, आणि हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतो: जीव ओळखणारी माणसं जगभर कमी होत चाललीत. आता बादलीभर पाण्यातल्या डीएनएवरून तिथे कोण राहतं ते सांगता येतं, आणि ती पद्धत खरोखर मोठी आहे. पण पाण्यात मिळालेला डीएनए कुणाचा, हे कळायला आधी कुणीतरी तो जीव हातात धरून, ओळखून, त्याचा डीएनए संग्रहात ठेवलेला असावा लागतो. हिंदी महासागरातल्या कितीतरी जातींचा तो अजून नाही. म्हणजे यंत्र वाचतं, पण नाव सांगू शकत नाही.

ओळखायची विद्या हातात असते आणि ती हिप्परग्याच्या तलावावर शिकता येते. कॅलॅनॉइड गटातल्या कोपेपॉडची जात ठरते ती बहुधा नराच्या पायांच्या पाचव्या जोडीवरून. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात तो जीव आडवा, दोन्ही हातांत बारीक सुया. डाव्या सुईने धड धरायचं, उजवीने शेवटचा पाय सुटा करायचा, श्वास रोखून. पहिले पन्नास जीव वाया जातात. पुढे कधीतरी पाय अख्खा निघतो, भिंगाखाली त्याच्या टोकाचा वाकडा काटा दिसतो आणि हात त्या दिवशी बसतो. आपल्या तळ्यांतही याच गटातले, डायाप्टोमिडी कुळातले कोपेपॉड राहतात. गोड्या पाण्यावर बसलेला हात खाऱ्या पाण्यावर तसाच चालतो. मी त्याचा पुरावा आहे.

शिवाय तुमच्या वर्गात एक गोष्ट आहे जी मुंबईच्या वर्गात नसते. अर्धा वर्ग घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो. कारवारपासून मच्छलीपट्टणमपर्यंतची माशांची नावं, सुकटीच्या बाजारातली, मच्छीमारांच्या तोंडची, मूळ भाषेत ऐकून शास्त्रीय नावांशी जोडणारी मुलं मिळणं अवघड असतं. ती तुमच्याकडे बसलेली आहेत. संगणकाची आवड असलेल्यांना ओबिसमधून पश्चिम किनाऱ्याच्या नोंदी उतरवून द्या आणि चुका शोधायला सांगा. त्या सापडतील.

सुरुवात तळ्यावर करा. येत्या रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत हिप्परग्याला जाऊ, मी येतो. बोल्टिंगच्या, म्हणजे चाळणीसारख्या बारीक विणीच्या, कापडाचं जाळं माझ्याकडे आहे. दहा लिटरच्या बादलीने पाच वेळा पाणी गाळायचं, दर महिन्याला, त्याच काठावर, त्याच वेळी, तेवढंच पाणी. वहीत तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, किती पाणी, कोणतं जाळं, कुणी गाळलं, कुणी ओळखलं. ज्या महिन्यात एखादी जात मिळणार नाही, त्या महिन्यात तिच्यापुढे शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळ्या रकान्याचा अर्थ ‘बघितलंच नाही’ असाही होतो. फॉर्मालिन मी हाताळेन, मुलांनी हातमोजे आणावेत.

प्रत्येकाने एक काचेची बाटली, ट्रेसिंग पेपरच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या आणि पेन्सिल आणावी. लेबल बाटलीच्या आत टाकायचं, नुसतं झाकणावर नाही, कारण धुताना झाकणं बदलतात. आणि पेनने लिहायचं नाही. शाई पाण्यात उतरते.